टेकूकाठी ते बायपॉड : बंदुकीच्या आधाराचा आणि अचूक नेमाचा इतिहास

प्रस्तावना

बंदुकीच्या इतिहासाविषयीचे बहुतेक लेखन नळी, दारू आणि चाप या तीन घटकांभोवती फिरते. नळी कशी घडविली, दारू कशी पेटविली आणि चाप कसा सुधारला, यांची माहिती शस्त्रेतिहासाच्या ग्रंथांतून विपुल मिळते. गोळी सुटण्याच्या क्षणी बंदूक कशावर टेकलेली होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. संग्रहालयात मांडलेल्या बंदुकीजवळ तिचा आधार बहुधा नसतो. लाकडी काठी कुजून गेलेली असते, वाळूची पिशवी रणभूमीवरच राहिलेली असते आणि तटातील भोक तटातच असते. त्यामुळे नेमाच्या अचूकतेचे संपूर्ण श्रेय शस्त्राला अथवा ते चालविणाऱ्याला दिले जाते आणि या दोहोंना जोडणारा तिसरा घटक नजरेआड होतो.

प्रस्तुत निबंधात या तिसऱ्या घटकाचा, म्हणजे बंदुकीच्या पुढील भागाला दिल्या जाणाऱ्या आधाराचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. सोळाव्या शतकातील टेकूकाठीपासून आजच्या रायफलीला जोडलेल्या दोन पायांच्या घडीच्या बायपॉडपर्यंतचा हा प्रवास आहे. हा प्रवास सरळ रेषेतील प्रगतीचा नाही. आधार आला, टाकला गेला, पुन्हा आला, क्रीडेत निषिद्ध ठरला आणि पुढे एका स्वतंत्र क्रीडाप्रकारात अधिकृत झाला. एका गोळीचे मोल जेव्हा मोठे मानले गेले तेव्हा आधाराला महत्त्व मिळाले आणि गोळ्यांच्या संख्येला मोल आले तेव्हा आधार अडगळ ठरला, असे येथे प्रतिपादन आहे. हे सूत्र लक्षात घेतल्यास हिंदुस्थानी बंदुकच्यांविषयी परकीय प्रवाशांनी नोंदविलेल्या आणि पुढे इतिहासग्रंथांत रूढ झालेल्या काही मतांचाही फेरविचार करावा लागतो.

१. आधाराची आवश्यकता : भौतिक विचार

ऐतिहासिक विवेचनाकडे वळण्यापूर्वी आधार नेमका कोणते कार्य करतो हे पाहणे आवश्यक आहे. हातात धरलेली बंदूक कधीही पूर्ण स्थिर नसते. श्वासोच्छ्वासाने छाती वर-खाली होते, हृदयाचे ठोके हातापर्यंत पोहोचतात, स्नायू थकले की कंप वाढतो. बंदुकीचा दस्ता खांद्यावर आणि पुढील भाग सुमारे ७०० मिलिमीटर अंतरावरील आधारावर टेकलेला आहे असे मानू. पुढील टोक केवळ १ मिलिमीटर वर उचलले गेले तर नळीची दिशा एवढी बदलते की १०० मीटरवरील लक्ष्यावर गोळी सुमारे १४ सेंटिमीटर वर लागते. अंतर ३०० मीटर असल्यास हा फरक ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो. हा कंप कमी करणे हे आधाराचे पहिले कार्य होय.

दुसरे कार्य प्रतिक्षेपाशी, म्हणजे गोळी सुटताना बसणाऱ्या मागील धक्क्याशी निगडित आहे. धक्का गोळी नळीबाहेर पडल्यानंतर बसतो असा सर्वसाधारण समज असतो, परंतु गोळी नळीत पुढे सरकू लागताच बंदूक मागे सरकू लागते. सुमारे ११ ग्रॅम वजनाची गोळी, ३ ग्रॅम दारू, ६०० मिलिमीटर लांबीची नळी आणि ५ किलो वजनाची रायफल घेतल्यास, गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल साधारण दीड मिलिमीटर मागे आलेली असते, असे संवेगाच्या नियमावरून काढता येते. हे अंतर अल्प असले तरी त्या अवधीत आधाराने बंदुकीला वर उसळविले किंवा बाजूला ढकलले, तर गोळीची दिशा बदलते. म्हणून चांगल्या आधाराकडून दोन अपेक्षा असतात. गोळी सुटण्यापूर्वी त्याने बंदूक स्थिर ठेवावी आणि सुटताना तिला प्रत्येक वेळी एकाच रीतीने मागे सरकू द्यावे. पहिली अपेक्षा सोळाव्या शतकातच ध्यानात आली होती. दुसरी पूर्णपणे उमगण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

२. युरोपातील टेकूकाठी

सोळाव्या शतकात स्पॅनिश सैन्यात ‘मस्केट’ हे जड शस्त्र प्रचारात आले. त्याचे वजन ७ ते ९ किलोपर्यंत असे आणि ते सुमारे ५० ग्रॅम वजनाची गोळी फेकीत असे. आधीच्या हलक्या बंदुकीची गोळी जेथे चिलखताला हरत असे तेथे मस्केटची गोळी ते भेदू शके. १५६७ मध्ये ड्यूक ऑफ आल्बा नेदरलँड्सवर चालून गेला तेव्हा त्याच्या सैन्यात मस्केटधारी शिपाई होते. एवढे जड शस्त्र हातावर तोलून नेम धरणे सामान्य शिपायास शक्य नव्हते. त्यामुळे वरच्या टोकाला दुबेळके असलेली आणि खालच्या टोकाला लोखंडी अणी असलेली काठी प्रत्येक मस्केटधाऱ्याच्या हाती आली.

या काठीने शिपायाच्या हालचालींचे संपूर्ण व्याकरण बदलले. याकोब द घेन याने १६०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कवायतीच्या सचित्र ग्रंथात एकूण ११७ चित्रे आहेत. त्यांतील मस्केटविषयक चित्रांत काठी सतत उपस्थित दिसते. चालताना ती हातात असते, दारू भरताना मनगटाला अडकवून लोंबत असते, नेम धरताना नळीखाली येते. एका हातात पेटती जामगी, दुसऱ्यात बंदूक आणि काठी, कमरेला दारूच्या कुप्या, अशा अवस्थेत शिपायाला काम करावे लागे. रशियातील स्ट्रेल्त्सी शिपायांनी यातून एक व्यवहारी मार्ग काढला. ते आपल्या लांब दांड्याच्या परशूवरच बंदूक टेकवीत. एकाच वस्तूने आधार आणि हातघाईचे शस्त्र अशी दोन्ही कामे भागत.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मस्केटचे वजन घटू लागले. स्वीडनच्या गुस्ताव अडॉल्फच्या सैन्यसुधारणांत हलक्या बंदुका आणि जलद फैरींवर भर होता. शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिम युरोपात टेकूकाठी मागे पडत गेली. बंदूक हलकी झाली म्हणून काठी गेली, हे स्पष्टीकरण बरोबर असले तरी अपुरे आहे. बंदूक हलकी करण्याची निकड का भासली, याचे उत्तर युद्धपद्धतीत सापडते. त्याचा विचार चौथ्या भागात केला आहे.

३. हिंदुस्थान आणि हिमालय : बंदुकीला जोडलेले पाय

हिंदुस्थानात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोड्याच्या बंदुकीचे उत्पादन उच्च दर्जाला पोहोचले होते. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बंदुकीच्या नळ्या घडविण्याच्या रीतींचे वर्णन आहे. अकबराच्या ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीचा विशेष उल्लेखही त्यात येतो. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात किल्ल्याच्या तटावर वावरणाऱ्या जयमल राठोडाला अकबराने याच बंदुकीने टिपले, अशी नोंद मोगल इतिहासकारांनी केली आहे. वेढ्यातील नेमबाजी ही स्वभावतःच आधारावरील नेमबाजी होती. मोर्चा, मातीचा बांध आणि तटातील भोक यांच्या आश्रयानेच ती चाले.

या संदर्भात फ्रेंच प्रवासी व वैद्य फ्रांस्वा बर्निये याची साक्ष महत्त्वाची आहे. औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या आरंभी तो मोगल दरबारी वावरला आणि १६७० च्या सुमारास त्याचा ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. मोगल पायदळातील बंदुकची जमिनीवर उकिडवे बसून, बंदुकीलाच लटकणाऱ्या लाकडी दुबेळक्यावर ती टेकवून बार काढतात, असे तो सांगतो. तसे करतानाही आपल्या दाढ्या व पापण्या जळतील, किंवा एखाद्या जिनामुळे बंदूक फुटेल, अशी भीती त्यांना वाटते, असा टोमणाही तो मारतो. घोडेस्वार तिरंदाज मात्र बंदुकच्याचे दोन बार होईपर्यंत सहा बाण सोडतो, असे तो कौतुकाने नमूद करतो.

ही नोंद पुढे मोगल पायदळाच्या निकृष्टतेचा पुरावा म्हणून वारंवार वापरली गेली. परंतु तिच्यातील उपहास बाजूला ठेवून तांत्रिक तपशील पाहिला तर वेगळेच काही हाती लागते. बर्निये ज्या दुबेळक्याचे वर्णन करतो ते युरोपातील सुट्या काठीसारखे नसून बंदुकीला जोडलेले आहे. बार काढणारा उभा नसून जमिनीलगत बसलेला आहे. जोडलेला आधार आणि खालची बैठक ही दोन्ही तत्त्वे आजच्या बायपॉडच्या मुळाशी आहेत. शिवाय बर्निये ज्या काळात युरोपातून आला त्या काळात तेथील टेकूकाठी मागे पडत चालली होती. स्वतःच्या देशात कालबाह्य ठरू लागलेली वस्तू परदेशी दिसल्यावर ती मागासलेपणाची खूण वाटणे स्वाभाविक होते. शस्त्र परिणामकारक होते की नाही, हे या मतावरून ठरत नाही.

हिंदुस्थानी बंदुकीच्या घडणीचाही येथे विचार करावयास हवा. तिची नळी लांब व जाड असे, तर दस्ता सडपातळ आणि जवळजवळ सरळ असे. असा दस्ता खांद्यात घट्ट रोवता येत नाही, तो काखेत किंवा गालाशी धरावा लागतो. मागील आधार कमकुवत असल्याने पुढील आधाराची गरज अधिक भासते. तिबेटी बंदुकीत हे तत्त्व परिपूर्ण रूपात दिसते. तिच्या लाकडी अंगाला पुढील बाजूस खिळीवर फिरणारे दोन लांब सुळे जोडलेले असतात. ते पुढे दुमडून ठेवता येतात आणि नेम धरताना खाली उघडता येतात. सुळ्यांच्या टोकांना काही वेळा हरणाची शिंगे बसविलेली असतात. घडीच्या बायपॉडचे याहून स्पष्ट पूर्वरूप सांगणे कठीण आहे. वृक्षविरहित पठारावर शिकाऱ्याला टेकण्यास झाड नाही, बांध नाही. तेव्हा त्याने आधार बरोबर नेला.

महाराष्ट्रात आधाराचे स्वरूप निराळे होते, कारण येथे तो दगडात कोरलेला होता. शिवकालीन व उत्तरकालीन किल्ल्यांच्या तटांत ‘जंग्या’ ठेवलेल्या दिसतात. खालच्या उताराकडे वा समोर रोखलेल्या या तिरप्या भोकांतून बंदुकीचा मारा करता येई. जंगीचा उल्लेख बहुधा बचावाचे साधन म्हणून, म्हणजे आतील माणसाला लपविणारी सोय म्हणून होतो. तिचे दुसरे कार्य दुर्लक्षित राहते. जंगीच्या तळाशी नळी टेकवली की बंदुकीचा भार दगडावर जातो, माऱ्याची दिशा भोकाच्या कोनाने मर्यादित होते आणि अंधारात अथवा घाईतही गोळी अपेक्षित वाटेवर जाते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरणात दारूच्या साठवणीविषयी व निगेविषयी तपशीलवार सूचना आहेत. दारू मोजकी आणि तिची पुन्हा भरती अनिश्चित, अशा वेढ्याच्या परिस्थितीत प्रत्येक गोळीचे मोल मोठे होते. जंगी हा त्या मोलाचा स्थापत्यातील आविष्कार म्हणता येईल. जड बंदुकांसाठी आधाराची आणखी रूपे होती. तटावरची जेजाल आणि उंटाच्या पाठीवर फिरत्या खुंटीवर बसविलेली सुतरनाळ किंवा जंबुरा ही त्यांची उदाहरणे होत.

४. फैरींचे युग : आधाराचा त्याग

अठराव्या शतकातील युरोपीय पायदळाने व्यक्तिगत नेमाची कल्पनाच जवळपास सोडून दिली. चकमकीची बंदूक जलद भरता यावी म्हणून गोळी नळीच्या व्यासापेक्षा बरीच लहान ठेवीत. त्यामुळे ती नळीत आपटत बाहेर पडे आणि अनिश्चित दिशेने जाई. इंग्रज अधिकारी जॉर्ज हँगर याने १८१४ मध्ये या बंदुकीचे परखड मूल्यमापन केले. ८० यार्डांवर, फार तर १०० यार्डांवर ती माणसाला लागेल. १५० यार्डांवर ज्याला सामान्य बंदुकीची नेम धरून मारलेली गोळी लागली तो मोठाच अभागी म्हणावा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. अशा शस्त्राला आधार देऊन उपयोग नव्हता. खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या रांगेने मिनिटाला दोन-तीन फैरी झाडणे, हीच त्याची परिणामकारकता होती. अशा रांगेत काठीला जागा नव्हती आणि बसण्याला सवडही नव्हती.

हाच बदल हिंदुस्थानातही घडला. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर शिस्तबद्ध फैरींचे सामर्थ्य दाखविले. १७८४ पासून महादजी शिंद्यांच्या सेवेत आलेल्या बन्वा द ब्वान्य याने ही पद्धत व्यापक प्रमाणावर रुजविली. त्याच्या फौजेत चकमकीच्या बंदुका बाळगणाऱ्या तेलंग पलटणींबरोबर तोड्याच्या बंदुका बाळगणाऱ्या नजीब पलटणीही होत्या, ही बाब लक्षणीय आहे. जुने शस्त्र एका दिवसात हद्दपार झाले नाही. त्याचे काही गुण नव्या व्यवस्थेतही उपयोगी मानले गेले.

या गुणांचा प्रत्यय इंग्रजांना पहिल्या अफगाण युद्धात आला. १८४१-४२ मध्ये काबूल व त्याच्या परिसरातील लढायांत दगडांच्या आडोशाने, अनेकदा दुबेळक्यावर टेकवून चालविलेल्या लांब नळीच्या ‘जेझैल’ बंदुका इंग्रजी फौजेच्या बंदुकींपेक्षा दूरवर मारा करीत होत्या. कवायती रांगेचा जोर मैदानात होता. डोंगरउतारावर, शत्रू विखुरलेला आणि लपलेला असताना, एकेका गोळीचे मोल पुन्हा वाढले. जे शस्त्र मागासलेले म्हणून गणले गेले होते ते त्या परिस्थितीत वरचढ ठरले. कोणते तंत्र प्रगत आणि कोणते मागास, हे परिस्थितीनिरपेक्ष सांगता येत नाही, याचा हा धडा आहे. जंगीतून मारा करणारा बंदुकची आणि मैदानातील गारदी यांची तुलना करतानाही तो ध्यानात ठेवावयास हवा.

५. रायफल आणि आधाराचे पुनरागमन

नळीच्या आतील पेचदार खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती स्थिर मार्गाने जाते, याचे शास्त्रीय विवेचन इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने केले. १७४२ मध्ये त्याचा तोफशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १७४७ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे खाचदार नळीवरील निबंध वाचला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या बांधणीसाठी तो हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. ज्या भूमीत बंदुकीला आधार देण्याची परंपरा जिवंत होती, तेथेच अचूकतेच्या आधुनिक शास्त्राच्या जनकाचा अंत व्हावा, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिनिएच्या गोळीमुळे रायफल सामान्य शिपायाच्या हाती आली. लक्ष्याचे अंतर शेकडो यार्डांनी वाढले आणि त्याबरोबर आधाराचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. रायफलीची खरी क्षमता मोजावयाची तर माणसाचा कंप वजा करावा लागतो. म्हणून जोसेफ व्हिटवर्थ याने आपल्या षट्कोनी नळीच्या रायफलीच्या परीक्षणासाठी यांत्रिक आधार वापरला. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे ब्रिटिश नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या सामन्यांचे उद्घाटन झाले. तेव्हा राणी व्हिक्टोरियाने लोखंडी आधारावर आधीच रोखून ठेवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या केंद्रापासून सुमारे सव्वा इंचावर गोळी लागली. मानवी नेमबाजीच्या गौरवासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या इतिहासातील पहिली गोळी अशा प्रकारे मानवी हाताच्या स्थैर्यावाचून सुटली. शस्त्राची अचूकता आणि नेमबाजाची अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या समारंभाने नकळत अधोरेखित केले.

६. क्रीडेतील निषेध आणि महाराष्ट्राचे नेमबाज

या भेदातूनच क्रीडाक्षेत्रातील नियम जन्मास आले. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे अमेरिका व आयर्लंड यांच्या संघांत ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. अमेरिकन संघाने तो ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला. या सामन्यांत शरीराची स्थिती कोणतीही चालत असे, मात्र शरीराला अथवा रायफलीला कृत्रिम आधार निषिद्ध होता. त्याच दशकात अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील गव्यांचे शिकारी दोन काठ्या फुलीसारख्या बांधून त्यांवर जड शार्प्स रायफल टेकवीत. उदरनिर्वाहासाठी शिकार करणाऱ्याला आधार नाकारण्याचे कारण नव्हते. खेळाडूला मात्र तो नाकारण्यात आला, कारण तेथे कसोटी माणसाची होती.

ऑलिंपिक रायफल प्रकारांत हीच परंपरा आजतागायत चालू आहे. गुडघा टेकून आणि पालथे पडून नेम धरताना दंडाला बांधलेला पट्टा वापरता येतो, उभ्या स्थितीत तोही नाही. पट्ट्यामुळे रायफलीचा भार स्नायूंऐवजी हाडांच्या सांगाड्यावर जातो. कोपर जमिनीवर, हात रायफलीखाली आणि पट्टा ताणलेला, असा त्रिकोण साधला की शरीरच एक प्रकारचा टेकू बनते. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या देहसाधनेची कल्पना येते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर पालथ्या स्थितीच्या प्रकारात सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. हे यश बायपॉडवरील नाही आणि म्हणूनच प्रस्तुत विषयात ते महत्त्वाचे आहे. बाह्य आधार काढून घेतल्यावर नेमबाजाला काय काय स्वतः निर्माण करावे लागते, हे त्यातून दिसते.

७. महायुद्धे आणि बायपॉडचा प्रसार

पहिल्या महायुद्धात बायपॉड मोठ्या प्रमाणावर रणांगणात उतरला तो लुईस गनसारख्या हलक्या मशीनगनबरोबर. सुमारे १२ किलो वजनाचे हे शस्त्र सलग गोळ्या झाडताना हातावर आवरणे कठीण होते. येथे गोळ्यांची संख्या आणि नेम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या. आधीच्या शतकांत परस्परविरोधी ठरलेल्या या दोन मागण्यांचा मेळ बायपॉडने घातला. त्याच युद्धात खंदकांतील नेमबाज वाळूच्या पिशव्या व पोलादी पत्र्यांतील भोके वापरू लागले. या पत्र्यांचे आणि तटांतील जंग्यांचे तत्त्व एकच होते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत बायपॉड कोठे जोडावा, हा कळीचा प्रश्न बनला होता. बर्नो आणि एन्फिल्ड या गावांच्या नावांतील आद्याक्षरांवरून नाव मिळालेल्या ब्रेन गनमध्ये तो नळीला न जोडता वायूच्या नळकांड्याला जोडला होता. त्यामुळे तापलेली नळी बदलतानाही शस्त्र आपल्या पायांवर उभे राही. तिच्या अचूकतेची सैनिकांत ख्याती होती. पुढे भारतीय आयुध निर्माणीत हीच गन ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बदलून तयार होऊ लागली आणि अनेक दशके भारतीय पायदळाच्या तुकड्यांत राहिली. अमेरिकेच्या ब्राउनिंग स्वयंचलित रायफलीच्या सुधारित आवृत्तीत मात्र बायपॉड नळीच्या पुढील टोकाशी होता. वजन वाढते म्हणून अनेक सैनिक तो काढून टाकीत. जपानच्या १९३९ च्या ‘टाइप ९९’ रायफलीला सुरुवातीस तारेचा एकपायी टेकू होता. युद्धकाळात उत्पादन सोपे करण्याची वेळ आली तेव्हा तो वगळण्यात आला. जे ओझे शिपायाला नकोसे वाटते ते कागदावर कितीही उपयुक्त असले तरी टिकत नाही, हा टेकूकाठीचा अनुभव येथे पुन्हा आला.

८. बायपॉडवरील अचूकता : अनुभवातून शास्त्राकडे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायपॉड दूरपल्ल्याच्या अचूक रायफलीचा नित्य भाग बनला. १९८० च्या दशकात ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली ‘एल ९६’ ही बायपॉडयुक्त रायफल ज्या संस्थेने घडविली तिच्या संस्थापकांपैकी एक माल्कम कूपर होता. १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये तीन स्थिती प्रकारात त्याने सुवर्णपदके जिंकली होती. आधाराविना नेम धरण्यात जगात अग्रेसर असलेल्या माणसाच्या संस्थेनेच आधारावर टेकणारी रायफल घडविली. शरीर काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे त्याला नेमके ठाऊक होते.

रायफल बायपॉडवर ठेवली की ती आपोआप अचूक होते, ही समजूत या काळातील अनुभवाने खोटी ठरविली. पहिला दोष जोडणीचा होता. बायपॉड नळीलाच जोडल्यास त्याच्यावर पडणारा दाब नळीला किंचित वाकवितो, तिचा कंप बदलतो आणि दाब कमी-जास्त झाला की गोळीचे स्थान सरकते. म्हणून बायपॉड लाकडी अथवा धातूच्या अंगाला जोडण्याची आणि नळी पुढे कोठेही न टेकता मोकळी ठेवण्याची रीत रूढ झाली. दुसरा दोष पृष्ठभागाचा होता. काँक्रीट किंवा दगड यांसारख्या कठीण भूमीवर बायपॉडचे पाय धक्क्याने उसळतात आणि रायफल प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने उडते. गवत, माती अथवा जाड चटई हा धक्का शोषून घेते. एका आधारावर नेम जुळविलेली रायफल दुसऱ्या आधारावर थोडी वेगळी लागते, ती याच कारणाने.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा दोष देहस्थितीचा होता. पट्ट्यावर नेम धरण्याची सवय असलेला नेमबाज रायफलीशी कोन करून पहुडतो. बायपॉडवर तसे केल्यास धक्का खांद्याच्या एका बाजूने निसटतो आणि रायफल आडवी सरकते. म्हणून शरीर रायफलीच्या सरळ मागे, दोन्ही खांदे तिला काटकोनात, अशी स्थिती शिकविली जाऊ लागली. पुढे किंचित रेटा देऊन बायपॉडच्या सांध्यांतील ढिलाई काढून घ्यावी, दस्त्याखाली वाळूची लहान पिशवी ठेवून ती मुठीत दाबून उंची साधावी, गालाचा भार दर वेळी सारखा ठेवावा आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर नजर लक्ष्यावर राहू द्यावी, हे या शिक्षणाचे मुख्य घटक होत. रेटा किती असावा, यापेक्षा तो दर वेळी तेवढाच असावा, याला अधिक महत्त्व आहे.

याचा प्रत्यय ‘एफ-क्लास’ या क्रीडाप्रकारात येतो. कॅनडातील जॉर्ज फार्कर्सन यांच्या नावाच्या आद्याक्षरावरून हा प्रकार ओळखला जातो. त्यातील ‘एफ-टीआर’ विभागात ठरावीक काडतुसाची, बायपॉड व दुर्बिणीसह ८.२५ किलोपर्यंत वजनाची रायफल वापरतात. येथील अनेक नेमबाजांनी पुढे रेटा देण्याची रीत सोडून, पाय रुंद आणि तळाशी घसरपट्टीसारखे सपाट असलेले बायपॉड स्वीकारले आहेत. रायफल जवळजवळ मोकळी सोडून ती सरळ मागे घसरू द्यावी, ही त्यांची पद्धत आहे. घट्ट धरणे आणि मोकळे सोडणे हे दोन मार्ग वरकरणी विरुद्ध वाटतात. तथापि दोहोंतही पहिल्या भागात उल्लेखिलेला दीड मिलिमीटरचा मागील प्रवास प्रत्येक वेळी एकसारखा घडवून आणणे, हेच साध्य आहे.

समारोप

आधाराचा इतिहास तंत्राच्या चढत्या पायऱ्यांचा नाही, हे उपरोक्त विवेचनावरून स्पष्ट व्हावे. घडीचे दोन पाय तिबेटी शिकाऱ्याला माहीत होते, जोडलेले दुबेळके मोगल बंदुकच्याकडे होते आणि दगडी आधार मराठी किल्ल्यांच्या तटात होता. युरोपीय पायदळाने आधार टाकला, कारण त्याच्या युद्धपद्धतीत एका गोळीला मोल नव्हते. रायफल आल्यावर ते मोल परतले आणि आधारही परतला. म्हणून एखाद्या सैन्याने आधार वापरला किंवा टाकला, यावरून त्याची प्रगती मोजणे योग्य नाही. त्या सैन्यापुढे कोणता प्रश्न होता, दारू किती होती, भूमी कशी होती आणि शत्रू कोठे उभा होता, हे आधी विचारले पाहिजे. बर्नियेचे वाक्य उद्धृत करून हिंदुस्थानी पायदळाला निकालात काढणारी परंपरा हे प्रश्न विचारीत नाही.

दुसरा निष्कर्ष अचूकतेच्या स्वरूपाविषयी आहे. अचूकता एकट्या शस्त्रात नसते आणि एकट्या हातातही नसते. ती शस्त्र, देह, आधार आणि भूमी यांच्या संबंधातून निर्माण होते. यामुळेच किल्ल्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी जंग्यांची केवळ संख्या न मोजता त्यांचे कोन, तळाची उंची आणि आत बसणाऱ्या माणसास मिळणारी जागा यांची पद्धतशीर मोजणी करणे उपयुक्त ठरेल. इतिहास, स्थापत्य आणि भौतिकशास्त्र या विभागांतील अध्यापक व विद्यार्थी एकत्र येऊन हे काम आपल्या परिसरातील एखाद्या किल्ल्यावर सहज हाती घेऊ शकतात. संग्रहालयातील बंदूक तिचा आधार हरवून बसली आहे. तटातील जंगी मात्र अजून जागेवर आहे, आणि तीही दरवर्षीच्या पावसाळ्यात थोडी थोडी ढासळत आहे.